प्रवेशिका नीला-विस्फार

जठर, आंत्र, प्लीहा व अग्निपिंड यांतील रक्त यकृताकडे नेणाऱ्या प्रवेशिका नीलेचा किंवा तिच्या शाखेचा काही भाग पिशवीसारखा वा चातीसारखा फुगणे, या विकृतीस प्रवेशिका नीला-विस्फार म्हणतात. उदरातील अंतस्त्यांच्या नीला-विस्फारांत हा प्रकार अधिक आढळत असला, तरी एकंदरीत तो विरळाच होय. बार्झिलाय व क्लेकनर यांनी १९५६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. निरोगी यकृत असताना नीलेचा व्यास १.५ सेंमी.पेक्षा आणि यकृत् सूत्रण रोगात १.९ सेंमी.पेक्षा अधिक असल्यास सामान्यतः विस्फार मानतात.

कारणे : भ्रूणावस्थेतील पीतक नीलेचा अवशेष राहणे अथवा नीलाभित्ती जन्मतः दुर्बल असणे, ही जन्मजात कारणे होत. उपार्जित प्रकारात प्रवेशिका नीलेतील अतिरक्तदाब, अग्निपिंडशोथ, आघात व शस्त्रक्रिया कारणीभूत असतात.

लक्षणे : पुष्कळ रुग्णांत कोणतेही लक्षण नसते; अन्य कारणास्तव तपासणी करताना विस्फार योगायोगाने आढळतो. काहींना पोटदुखी होते. मोठ्या विस्फाराचा दाब पित्तवाहिनीवर पडल्यास कावीळ उद्‌भवते. अंतर्क्लथन हा महत्त्वाचा उपद्रव होय. नीलेतील रक्तदाब रोहिणीतील दाबाच्या मानाने फारच कमी असल्याने विस्फार फुटणे क्वचितच घडते. परंतु फुटल्यास रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो.

निदान : श्राव्यातीत ध्वनितपासणीत हा विस्फार द्रवार्बुदासारखा किंवा अग्निपिंडातील गाठीसारखा भासतो. अशा ‘गाठी’त परीक्षणासाठी सुई खुपसल्यास गंभीर रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून प्रवेशिका नीलेलगतच्या गाठीत रक्त वाहते काय, हे रंगीत डॉप्लर तपासणीने आधी पाहणे आवश्यक असते. मात्र गुठळीने भरलेल्या विस्फारात प्रवाह दिसत नाही. तेथे नीलेशी असलेला सलग संबंध सी.टी. वा एम.आर.आय. चित्रणाने ठरवितात.

उपचार : लक्षणरहित व न वाढणाऱ्या विस्फारास सहसा शस्त्रक्रिया लागत नाही; ठराविक कालावधीने चित्रण करून व्यास पाहतात. अंतर्क्लथन झाल्यास, रक्तस्रावाचा धोका तोलून, क्लथनरोधी औषधे देतात. विस्फार वाढत असल्यास, शेजारील इंद्रिये दाबली जात असल्यास किंवा तो फुटल्यास शस्त्रक्रियेचा विचार करतात. तीत फुगलेला भाग छेदून नीलाभित्ती पूर्ववत शिवतात किंवा कलम बसवितात. अतिरक्तदाब असल्यास रक्तास पर्यायी मार्ग करून देतात; यकृत निकामी झालेल्या निवडक रुग्णांत यकृत-प्रतिरोपण करतात. विकृती विरळा असल्याने उपचारांचे सर्वमान्य नियम नाहीत. प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.