चेंडू आणायला नेहमी कोण धावतो?

जयंती जवळ आली की वस्त्यावस्त्यांत क्रिकेट-कबड्डीच्या स्पर्धा लागतात. आपल्यातलेच दादा-ताई मुलांचा सराव घेतात. ‘खेळातून चारित्र्य घडते’ हे उद्घाटनाच्या भाषणातले ठरलेले वाक्य. आम्हाला ते अर्धेच पटते. खेळ आपोआप काही घडवत नाही. घडवते ती शिकवणाऱ्याची रोजची वागणूक.

डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर आठवा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये ते खेळपट्टीची कामे करत आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करत. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. पुढे हिंदू संघातून खेळतानाही त्यांचा चहा पॅव्हिलियनबाहेर वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले.

आता आपल्या मैदानावर पाहू. लहान, अशक्त किंवा नवी आलेली मुले रोज फक्त चेंडू आणतात का? मुलींना मैदान मिळते ते मुलांचा खेळ आटोपल्यावर, अंधार पडताना. भाषण समतेचे असले तरी मुले शिकतात ते हेच.

अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना काही साध्या गोष्टी शिकवल्या: प्रयत्नाला लगेच दाद द्या, चुकल्यावर धीर द्या आणि पुढच्या वेळी नेमके काय करायचे ते सांगा, शिक्षा टाळा. १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात अशा प्रशिक्षकांकडची सुमारे ५ टक्के मुले पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली. इतरांकडची २६ टक्के. विशेष म्हणजे दोन्हीकडे सामने साधारण सारखेच जिंकले गेले होते.

म्हणून चढाईत बाद होऊन आलेल्या मुलाला ‘घालवलंस ना!’ म्हणण्याऐवजी ‘पाय उशिरा मागे घेतलास, पुन्हा करून बघ’ म्हणावे. मैदानाला फेऱ्या मारायला लावणे ही शिक्षा तर बंदच करावी; त्याने धावण्याचाच तिटकारा बसतो. बाद झालेल्याला पुढचे षटक पंच म्हणून उभे करावे. स्वतःच्या मित्राला बाद देताना प्रामाणिकपणा काय असतो, ते त्याला तिथे कळते.

आणि एक वही ठेवावी. कुणी किती चेंडू खेळले, कुणी नुसते क्षेत्ररक्षण केले, एवढेच लिहायचे. शनिवारी ती मुलांनाच मोठ्याने वाचायला द्यावी, आणि सोमवारी ज्याचे आकडे सर्वांत कमी, त्याच्या हाती पहिली बॅट.