‘अधीक्षक’ म्हणजे नेमके कोण?

देखरेख, तपासणी आणि हाताखालच्या यंत्रणेची जबाबदारी असलेला वरिष्ठ अधिकारी. मात्र हुद्द्याची उंची खात्यागणिक बदलते.

• पोलीस अधीक्षक: जिल्हा पोलीस दलाचे प्रमुख. पदाचा पाया 1861 च्या पोलीस कायद्यात. महाराष्ट्रात सध्या 1951 चा अधिनियम लागू. खांद्यावर राजमुद्रा आणि एक तारा. मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयांत समकक्ष पद पोलीस उपायुक्त.

• अधीक्षक अभियंता: सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा खात्यांत मंडळाचे प्रमुख. खाली कार्यकारी अभियंता, वर मुख्य अभियंता.

• वैद्यकीय अधीक्षक: ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांचे प्रमुख. जिल्हा रुग्णालयाचा कारभार मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे.

• भूमी अभिलेख: शेतकऱ्याचा सर्वाधिक संबंध इथेच येतो. जिल्ह्याला अधीक्षक, तालुक्याला उपअधीक्षक. मोजणीचा अर्ज उपअधीक्षकांच्या कार्यालयात. लगतच्या खातेदारांना नोटीस तिथूनच निघते, भूकरमापक तिथूनच येतो आणि हद्दी दाखवणारी ‘क’ प्रतही तिथेच मिळते. सातबारा हा तलाठ्याकडचा, म्हणजे महसूल खात्याचा दस्त. या दोन कार्यालयांत गल्लत झाली की हेलपाटे ठरलेले.

• जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी: राज्याच्या कृषी विभागाचे जिल्हाप्रमुख. जिल्हा परिषदेतील कृषी विकास अधिकारी हे पद वेगळे.

• कार्यालय आणि आश्रमशाळा: कचेरीतला अधीक्षक लिपिकांच्या कामावर देखरेख ठेवतो; आश्रमशाळेतले अधीक्षक-अधीक्षिका मुलामुलींच्या निवासाची व्यवस्था पाहतात. समाजकल्याणच्या वसतिगृहात हेच काम गृहपालाचे.