कावीळ डोळ्यांत, घाव मूत्रपिंडावर

पावसाळ्यात गोदावरी-दुधना फुगल्या, की परभणीच्या शिवारात चिखल साचतो. अनवाणी पायाला भेग असली, तर त्यातून लेप्टोस्पायरा हा पिळदार जिवाणू अंगात शिरू शकतो. उंदीर, गुरे, डुकरे, कुत्री यांच्या मूत्रातून तो पाण्यात येतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत याच जिवाणूमुळे होणाऱ्या ‘लेप्टो’ची साथ आली होती.

जिवाणू अंगात शिरल्यावर साधारण 5 ते 14 दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. बहुतेक जण बरे होतात. काहींना कावीळ होते. या गंभीर रूपाचे वर्णन 1886 मध्ये आडोल्फ वाइल यांनी केले.

कावीळ म्हटले की आपण यकृताकडे पाहतो. पण इथे मूत्रपिंडेही धोक्यात असतात. रक्त गाळल्यावर कामाचे क्षार परत शोषणाऱ्या बारीक नलिकांतच जिवाणू ठाण मांडतो. नलिका सुजतात, सोडियम-पोटॅशियम लघवीवाटे वाहून जाते. एरवी मूत्रपिंड बिघडले की रक्तातले पोटॅशियम वाढते. लेप्टोत ते अनेकदा घटते. लघवीही सुरुवातीला भरपूर होते, म्हणून घरचे गाफील राहतात.

दिलासा एवढा, की वेळेवर प्रतिजैविके आणि गरज पडल्यास काही दिवस डायलिसिस मिळाले, तर बहुतेकांची मूत्रपिंडे पुन्हा कामाला लागतात. म्हणून झाडपाल्यात दिवस घालवू नका. ‘चिखलात काम केले होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि शेतात जाताना गमबूट घाला.