वर्कर म्हणजे नेमका कोण?

व्हिडिओत हा विषय घाईत झाला, म्हणून इथे नीट लिहितोय.

ट्रेनिंगला आलेल्या दुकानदारांना मी आधी विचारतो, "तुमच्याकडे वर्कर किती?" उत्तर ठरलेलं: "वर्कर कुठले सर, दोन पोरं आहेत आणि साफसफाईला एक मावशी." सातपूर-अंबडचा कारखानदार कंपनीचे वेगळे मोजतो, ठेकेदाराचे वेगळे. द्राक्षबागायतदाराकडे गडी असतो आणि छाटणीला मजुरांची टोळी येते. निवडणूक लागली की वर्कर म्हणजे पक्षाचा कार्यकर्ता!

हसू नका, मीही त्यातलाच. आमच्या दुकानात एक मुलगा सहा वर्षं काम करत होता. मी सगळ्यांना सांगायचो, "हा आमच्या घरचाच." दिवाळीला कपडे, अडीअडचणीला उचल, सगळं व्हायचं. मग तो बाईकच्या लोनसाठी गेला. तिथे मागितली सॅलरी स्लिप. पगार रोख, नियुक्तीपत्र नाही, हजेरी माझ्या डोक्यात. सहा वर्षं काम केलेल्या माणसाकडे तसं सांगणारा एक कागद नव्हता. लोन झालं नाही. तो मला काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. दुकानं आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा कायदा आहे. त्यात मोबदला घेऊन अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा तो कामगार. नोकरीच्या अटी उघड ठरलेल्या असोत की न बोलता गृहीत धरलेल्या. म्हणजे "लेखी काही नाही, म्हणून तो माझा कामगार नाही" हे चालत नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा अप्रेंटिस तेवढा यातून बाहेर. आपण नुसतं "ट्रेनी" म्हणून ठेवलेला पोरगा नाही, बरं का.

दुसरी पळवाट म्हणजे सगळ्यांना "मॅनेजर" करून टाकणं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारे वगळले होते, त्यामुळे ही युक्ती जुनीच आहे. पण कोर्ट व्हिजिटिंग कार्ड बघत नाही, मुख्य काम काय ते बघतं. दिवसभर कापड मोजून देणारा मॅनेजर हा कापड मोजणाराच.

मालक एकच असला पाहिजे असंही नाही. आपल्या बाजार समित्यांमधला माथाडी आज या व्यापाऱ्याच्या गोण्या उचलतो, उद्या त्या. त्याला "माझा" कोणीच म्हणत नव्हतं. म्हणून 1969 साली महाराष्ट्राने माथाडी-हमालांसाठी वेगळा कायदा केला. नोंदणी मंडळाकडे होते, मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधीसारख्या गोष्टी मिळतात.

आणि अंगणवाडी सेविका? इंग्रजीत त्यांना वर्करच म्हणतात, पण हातात पगार नाही, "मानधन". 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं सांगितलं. मानधन हा शब्द ऐकायला केवढा मानाचा वाटतो, नाही का?

तुमच्याकडे एकच माणूस असला तरी नियुक्तीपत्र द्या, हजेरीचं रजिस्टर ठेवा, पगार बँकेत टाका. किमान वेतन आधी तपासा. "माझं दुकान छोटं आहे" म्हणून त्यात सूट मिळत नाही.

त्या मुलाचं पत्र मी स्वतः टाईप करायला बसलो. पदाच्या जागी काय लिहू, म्हणून त्यालाच विचारलं. कायदा डोक्यात ताजा होता, म्हटलं "कामगार" लिहितो. तो लगेच म्हणाला, "नको दादा, सेल्समन लिहा. घरी लग्नाचं बघतायत."