इंजिन मारुतीपेक्षा छोटे, तरी पहिला नंबर!

बंगळूरजवळच्या येलहंका येथील हवाई तळावर १९९६ पासून साधारण दर दोन वर्षांनी ‘एरो इंडिया’ भरते. विमानांच्या कसरती पाहायला माणसांची आणि मोटारींची ही गर्दी लोटते. विमान आणि मोटार यांचे असे एकाच मैदानावर नांदणे नवे नाही. लंडनच्या नैर्ऋत्येला वेब्रिज गावाजवळ ब्रुकलँड्स नावाची जागा होती. तिथे विमानांचे कारखाने होते, धावपट्टी होती आणि तिच्याभोवती सिमेंट काँक्रीटचा सुमारे साडेचार किलोमीटरचा मोटार शर्यतीचा मार्ग होता. वळणांवर तो भिंतीसारखा उंच चढत जाई.

हा मार्ग १९०७ मध्ये खुला झाला तेव्हा मोटारींची शर्यत कशी घ्यायची, याचा धडा कुणाजवळ नव्हता. मग सरळ घोड्यांच्या शर्यतीचे नियम उचलले गेले. सुरुवातीला चालकांनी जॉकींसारखे रंगीत अंगरखे घातले. मैदानात बुकीही आले. आणि त्यांच्याबरोबर आला ‘हँडिकॅप’.

पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणाऱ्याला हा शब्द समजावून सांगायला नको. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, साधारण घोड्याच्या पाठीवर कमी. मोटारीवर वजन लादण्याऐवजी वेळेची सवलत देत. समजा, शंभर किलोमीटरची शर्यत आहे. छोटी गाडी ते अंतर साठ मिनिटांत कापते, मोठी पन्नास मिनिटांत. मग छोटीला दहा मिनिटे आधी सोडायचे. हिशेब अचूक असेल तर दोघी एकदमच शेवटच्या रेषेवर यायच्या!

हा हिशेब ब्रुकलँड्सला बरीच वर्षे ए. व्ही. एबलव्हाइट नावाचे गृहस्थ करीत. व्यवसाय वाद्यविक्रीचा, पण कोणती गाडी किती पळेल हे ओळखण्यात हातखंडा. त्यांना चकवायला सरावात मुद्दाम गाडी हळू चालवणारे महाभागही असत. त्यामुळे हँडिकॅप ठरवणाऱ्याला गाडीबरोबर माणूसही ओळखावा लागे.

या पद्धतीने खरे भाग्य उजळले ते हलक्या गाड्यांचे. १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन ही छोटी गाडी निघाली आणि इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारात मोटार आली. आपल्याकडे हेच काम पुढे मारुती ८०० ने केले. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, म्हणजे ऑस्टिनपेक्षा थोडे मोठेच. अशा चिमुकल्या गाड्यांनी सात लिटरच्या अजस्र गाड्यांशी टक्कर द्यावी, ही कल्पना एरवी हास्यास्पद ठरली असती.

मे १९३१ मध्ये मात्र कुणी हसले नाही. ब्रुकलँड्सला ‘डबल ट्वेल्व्ह’ शर्यत होती. चोवीस तासांची शर्यत दोन दिवसांत बारा-बारा तास वाटलेली. कारण काय, तर रात्रीच्या आवाजाने शेजाऱ्यांची झोपमोड नको! रात्री गाड्या कुलपात. या शर्यतीत ७४६ सीसीच्या एमजी मिजेट गाड्यांनी पहिले पाचही क्रमांक पटकावले. विजेते अर्ल ऑफ मार्च आणि ख्रिस स्टॅनिलँड यांचा सरासरी वेग होता ताशी सुमारे १०५ किलोमीटर.

मोठ्या गाडीवाल्यांनी नाके मुरडली. सर्वांत वेगाने धावणारा हरतो आणि सवलतवाला जिंकतो, ही कसली शर्यत? तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण चोवीस तास इंजिन न मोडता पळवणे हे काही सवलतीने मिळत नाही. पुढे या गाड्यांचा हँडिकॅप अधिक कडक झाला, तरी त्याच वर्षी नॉर्मन ब्लॅक यांनी मिजेट चालवून आयर्लंडमधल्या दोन मोठ्या शर्यती जिंकल्या.

त्यातली एक उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्‌स येथील ‘टूरिस्ट ट्रॉफी’. हिचा मार्ग म्हणजे गावांतून, शेतांमधून जाणारे साधे रस्ते, एक फेरी सुमारे बावीस किलोमीटरची. १९३३ साली इथे जे घडले, त्याला तोड नाही. एकीकडे इटलीचा विख्यात ताझियो नुव्होलारी, १०८७ सीसीच्या एमजी मॅग्नेटवर. शेजारी बसलेला मेकॅनिक इंग्रज. दुसरीकडे तिथल्याच मातीतला ह्यू हॅमिल्टन, ७४६ सीसीच्या मिजेटवर. सवलत हॅमिल्टनच्या पदरी, वेग नुव्होलारीच्या.

हॅमिल्टनने सवलत जीव तोडून राखली होती. पण तो चाके आणि इंधनासाठी थांबला आणि तिथे घात झाला. गडबडीत काम लांबले, मौल्यवान मिनिटे हातची गेली. सहा तासांहून अधिक चाललेल्या शर्यतीत नुव्होलारी अवघ्या चाळीस सेकंदांनी जिंकला. त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे १२६ किलोमीटर, हॅमिल्टनचा ११८. छोट्या गाडीला दिलेली सवलत किती नेमकी होती, हे त्या चाळीस सेकंदांवरून कळते. पुढल्याच वर्षी स्विस ग्रां प्रीमध्ये, पूर्ण ताकदीची मासेराटी चालवताना हॅमिल्टनचा अपघाती मृत्यू झाला.

१९३४ मध्येच आयर्लंडमधली ‘लिन्स्टर ट्रॉफी’ ही हँडिकॅप शर्यत फे टेलर या महिलेने आडलर गाडी चालवून जिंकली. स्पीडवेच्या मातीत मोटारसायकल घसटत नेणारी ही बाई पुरुषांच्या बरोबरीने उतरली आणि सगळ्यांच्या पुढे गेली.

आर्ड्‌सचा शेवट मात्र दुःखद झाला. १९३६ मध्ये ओल्या रस्त्यावर एक गाडी घसरून न्यूटनार्ड्‌स गावातल्या प्रेक्षकांत घुसली, आठ जण दगावले. दोरीपलीकडे बायकामुलांसह उभ्या राहणाऱ्या गर्दीला संरक्षण असे नव्हतेच. तिथली शर्यत कायमची थांबली. १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि ब्रुकलँड्सही विमानांच्या कामाला गेले, ते शर्यतीसाठी पुन्हा उघडलेच नाही.

डबल ट्वेल्व्हचे विजेते अर्ल ऑफ मार्च तोवर ड्यूक ऑफ रिचमंड झाले होते. त्यांनी १९४८ मध्ये गुडवुड येथे आपल्या जमिनीवरच्या युद्धकालीन हवाई तळाभोवतीचा रस्ता शर्यतींना खुला केला. तिथल्या सुरुवातीच्या वर्षांतल्या कार्यक्रमांतही पाच-पाच फेऱ्यांच्या हँडिकॅप शर्यती असत.