मूठभर धान्य

घरातला कर्ता माणूस गेला की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारी भाकरी-पिठलं नेऊन देतात. ही रीत चांगली. पण तेरवी झाली की पाहुणे परततात. मग दारात येतो उधारी मागणारा.

आपल्या पवनारचे विनोबा सांगत, घरात एक भांडं ठेवा. लेकरानं त्यात रोज मूठभर धान्य टाकावं. त्याला सर्वोदय-पात्र म्हणत. ते धान्य सर्वोदयाच्या कामाला जाई. आम्ही म्हणतो, तसंच भांडं दुःखातल्या घरासाठी ठेवावं. 50 घरांनी रोज मूठभर ज्वारी टाकली, तर महिन्याला साठेक किलो होते. पोतं रात्री पोचवावं. फोटो काढू नये.

पण ज्वारीनं कर्ज फिटत नाही. गेलेला कर्ता माणूस 18 ते 59 वर्षांचा असेल, घर दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर सरकारच्या कुटुंब लाभ योजनेत 20,000 रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा. त्याला मृत्यूचा दाखला लागतो. म्हणून मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी. रडत्या बाईला हे कसं सुचावं? तुम्ही आता वाचायला शिकलात. तिच्यासोबत तहसिलीत जा. कागद तिला वाचून दाखवा, मगच तिचा अंगठा घेऊ द्या. एसटीचं भाडं आपलं आपण भरा.