पायात सळई, हातात पाना
मोडलेला पाय बरा होताना एका जुन्या बुलेटने केलेली मदत

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आपल्या भागातले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर आलेला ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. रात्री अशी ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असेल तर मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. हेल्मेट असेल तर डोके वाचते, पण पाय उघडाच असतो. त्यातही नडगीचे हाड कातडीच्या लगेच खाली असल्याने ते मोडले की पुष्कळदा जखम उघडी होते. शरीरातल्या लांब हाडांपैकी सर्वांत जास्त मोडणारे हाड हेच.

मागच्या हंगामात हे संकट आमच्या घरावर आले. आमचे थोरले बंधू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, वय 54. तीर्थपुरीहून घनसावंगीकडे येताना अंधारात उभ्या ट्रॉलीला त्यांची गाडी धडकली आणि उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आली. जालन्यात शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई बसली. गाडी होती 1986 सालची बुलेट. याच गाडीवर दादा दर ऑक्टोबरात चार मित्रांसोबत सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, वर्धा या जुन्या रस्त्याने नागपूरला जात. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, आणि दादांना तो रस्ता नकोही होता. अपघातानंतर गाडीचा पुढचा फोर्क वाकला, टाकी चेपली, क्रॅंककेसला तडा गेला. भंगारवाला घरी येऊन भाव सांगून गेला.

पुढच्या आठ महिन्यांत पाय आणि गाडी दोन्ही उभे राहिले. अशा घरांची संख्या आपल्या वस्त्यांत कमी नाही, म्हणून त्यातून आम्ही जे शिकलो ते या पानावर मांडत आहोत.

सळई काय करते, काय करत नाही

जालना म्हणजे बांधकामाच्या सळयांचे गाव. त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, "सळई जालन्याचीच का?" हसण्यावारी न्यायची गोष्ट असली तरी त्यामागचा समज मात्र धोक्याचा आहे. सळई टाकली म्हणजे पाय पक्का झाला, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात सळई फक्त मोडलेले तुकडे सरळ रेषेत धरून ठेवते. हाड जोडायचे काम शरीरालाच करावे लागते आणि नडगीला त्यासाठी साधारण चार ते सहा महिने लागतात. कधी त्याहून जास्तही.

मांडीच्या मोडलेल्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून रुग्णाला लवकर उभे करण्याची पद्धत जर्मन सर्जन गेरहार्ड क्युंचर यांनी 1939 साली कील शहरात वापरली. त्याआधी असे रुग्ण वजन लावून आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून राहत. पुढे सायबेरियातल्या कुर्गान या गावी डॉ. इलिझारोव्ह यांनी पायाभोवती बाहेरून कडी लावून हाड जोडण्याची आणि वाढवण्याचीही पद्धत काढली. सुरुवातीला तारांच्या जागी त्यांनी सायकलच्या चाकाचे स्पोक वापरले असे सांगतात. गॅरेज आणि ऑर्थोपेडिक वॉर्ड यांचे नाते असे जुने आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जर्मन डॉक्टर युलियस वोल्फ यांनी 1892 साली मांडली. हाडावर जसा भार पडतो तसे ते घडत जाते. भार मिळाला तर ते मजबूत होते आणि भारच मिळाला नाही तर झिजते. म्हणजे "हलू नको, पडून राहा" हा नातेवाइकांचा प्रेमाचा सल्ला शस्त्रक्रियेनंतर हाडाच्या हिताचा असतोच असे नाही. भार किती, कधी आणि कसा द्यायचा हे मात्र एक्स-रे पाहून सर्जनच ठरवतात. शेजाऱ्याच्या पायाचा हिशेब आपल्या पायाला लागू होत नाही.

खाटेवरचा माणूस

पहिला महिना पायापेक्षा मनाने जास्त जड गेला. रोज सकाळी सातला घराबाहेर पडणारा माणूस छताकडे बघत पडून राहिला. झोप उडाली. बोलणे कमी झाले. फिजिओथेरपिस्टने घोटा वर-खाली करायला सांगितले होते, पण दुखेल, सळई सरकेल, या भीतीने दादा पाय हलवत नव्हते. तीन आठवड्यांत घोटा लाकडासारखा आखडला. वहिनी घाबरल्या. शाळेची रजा संपत आली होती, मुलीचे शिक्षण चालू होते, आणि हा पाय आता असाच राहतो की काय, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हते.

जालन्याच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी एक साधा प्रश्न विचारला, "सर, बरे झाल्यावर काय करायचे आहे?" दादा म्हणाले, "बुलेटला किक मारायची आहे." ताईंनी हसून वहीत तेच ध्येय लिहिले. मग विचारले, "गाडी कुठे आहे?" गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती. "मग पडून काय राहता? बसून होईल तेवढे काम सुरू करा."

हा सल्ला मनाच्या विरंगुळ्यापुरता नव्हता, त्याला शास्त्राचा आधार आहे. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी इंग्लंडमधल्या ऑर्थोपेडिक रुग्णालयांत कार्यशाळा उघडल्या गेल्या. सुतारकाम आणि लोहारकाम करता करता हातपाय मोकळे होत. आपल्याकडे या शास्त्राचे पहिले विद्यालय 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, ते कमला निंबकर यांच्या प्रयत्नाने. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या. या शास्त्राला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. माणसाला ज्या कामाची ओढ आहे त्या कामातूनच त्याचे अवयव परत कामाला लावायचे, एवढेच त्याचे सूत्र.

गाडीचे काम, पायाचे काम

ताईंनी आणि गावातल्या गॅरेजवाल्या मित्राने मिळून कामाचे टप्पे पाडले. नियम एकच होता. पायाला त्या आठवड्यात जेवढी परवानगी, तेवढेच गाडीचे काम.

पहिला टप्पा खाटेवरचा. पाय उशीवर, मांडीवर जुना ट्रे. मित्राने कार्बोरेटर काढून आणून दिला. दादांनी तो खोलला, जेट साफ केले, फ्लोट तपासला. दर तासाला घड्याळाचा गजर व्हायचा. गजर झाला की पाना खाली आणि घोटा दहा-वीस वेळा वर-खाली. मग मांडीचा स्नायू आवळून पाच आकडे मोजायचे आणि सोडायचा. टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा. एरवी कंटाळवाणा वाटणारा व्यायाम आता कामातली सुट्टी झाला.

दुसरा टप्पा खुर्चीचा. वॉकर घेऊन अंगणापर्यंत जायचे, उंच खुर्चीवर बसून पॉइंट, कंडेन्सर, क्लच प्लेटा, ब्रेक शू बघायचे. याच काळात पायावर थोडा भार द्यायची परवानगी मिळाली. थोडा म्हणजे किती, हे कळावे म्हणून ताईंनी एक युक्ती दिली. घरातल्या वजनकाट्यावर दुखरा पाय ठेवायचा आणि सांगितलेल्या किलोवर काटा येईपर्यंतच दाबायचे. दोन दिवसांत पायालाच अंदाज येतो.

तिसरा टप्पा उभ्याचा. एक्स-रेत नवे हाड दिसू लागल्यावर दादा टेबलापाशी उभे राहून काम करू लागले. आधी दहा मिनिटे, मग वीस. इंजिन, फोर्क, चाके अशी जड उचलाउचल त्यांनी एकदाही केली नाही. ते काम मित्राचे आणि पुतण्यांचे. क्रॅंककेसचे वेल्डिंग आणि सिलिंडरचे बोअर जालन्याच्या लेथवर झाले. टॅपेट लावताना मात्र दादाच बसले. थंड इंजिनात पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. हे हाताला कळावे लागते.

किकचा हिशेब

जुन्या बुलेटची किक म्हणजे बरा झालेल्या पायाची खरी परीक्षा. 70 मिलिमीटर व्यासाचा एकच मोठा पिस्टन, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक. नुसती लाथ मारली तर किक उलटी येते आणि धडधाकट माणसाचाही घोटा किंवा गुडघा दुखावतो. म्हणून आधी किक हळूहळू दाबत अडेपर्यंत आणायची. ॲमीटरचा काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जरासा पुढे काढायचा, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण वजनाने एकच लांब दाब. पॉइंटची फट आणि टायमिंग बरोबर असेल तर जोर लागत नाही.

गाडी पाचव्या महिन्यात पहिल्यांदा सुरू झाली. किक पुतण्याने मारली, दादांनी फक्त डीकॉम्प्रेसर धरला. वहिनी दारात उभ्या होत्या. दादांना स्वतः किक मारायची परवानगी मिळायला अजून अडीच महिने गेले. त्याआधी त्यांना उजव्या पायावर एकट्याने अर्धा मिनिट उभे राहणे, जिना न धरता चढणे-उतरणे आणि चवड्यावर उठणे जमवून दाखवावे लागले.

गाडी चालवण्याबाबत घाई नको. पायाचे मोठे हाड मोडलेल्या रुग्णांची ब्रेक दाबण्याची गती भार द्यायला लागल्यानंतरही सुमारे सहा आठवडे मंद राहते, असे तपासण्यांत दिसले आहे. दादांच्या जुन्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्या पायाला आहे. आजच्या गाड्यांचा मागचा ब्रेक उजव्या पायाला असतो. आपला मोडलेला पाय कोणते काम करणार आहे, हे आधी बघावे.

हे टाळा, हे ओळखा

जखम भरेपर्यंत पेट्रोल, रॉकेल आणि जुने ऑइल तिच्या जवळ येऊ देऊ नका. हातमोजे वापरा. सुटे भाग उघड्यावर धुवा आणि जवळ विडी, चूल, दिवा नको. बंद खोलीत इंजिन चालू करू नका, त्या धुराला वास नसला तरी तो जीव घेतो. जुन्या ब्रेक शू आणि क्लच प्लेटांच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली, लाल झाली किंवा दम लागला, छातीत दुखले, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप येणे, बोटे बधिर होणे, गोळ्यांनीही न थांबणारी वेदना, यांपैकी काहीही घरी अंगावर काढू नका.

विडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो. तंबाखू आणि गुटखाही या काळात पूर्ण बंद ठेवावा. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, नाहीतर जखम चिघळते. खाण्यात महागाचे काही लागत नाही. अंडी, मासे, डाळी, हुलगे, शेंगदाणे, दूध आणि सकाळचे ऊन पुरे. शस्त्रक्रिया झालेल्या पायाला हाडवैद्याचे चोळणे, घट्ट पट्ट्या बांधणे अजिबात नको. आणि माणूस दोन-तीन आठवडे झोपत नसेल, बोलत नसेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर तेही दुखणेच आहे. डॉक्टरांना ते सांगण्यात कमीपणा नाही.

सर्व काही पूर्ववत होते असेही नाही. दादांना आजही उकिडवे बसता येत नाही आणि गुडघा जमिनीला टेकला की समोरून दुखतो. सळई गुडघ्याच्या खालून आत घालतात, त्यामुळे हे दुखणे पुष्कळांना राहते. शौचासाठी घरात खुर्चीचे कमोड ठेवले आहे. ही सोय पहिल्याच आठवड्यात करावी.

खर्च आणि आपला हक्क

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार यांच्या प्रती घरात एकत्र ठेवा. अपघाताच्या रात्री ती कागदे शोधत बसायची वेळ येऊ नये. पोलिसांत नोंद करून घ्या, नुकसानभरपाईचा दावा त्यावरच उभा राहतो.

आणि एक काम हंगामाच्या आधीचे. लाल रिफ्लेक्टर पट्टीचा एक रोल थोड्या पैशांत मिळतो. आमच्या वस्तीतल्या तरुणांनी या वर्षी गावातल्या ट्रॉल्यांना मागून आणि बाजूने पट्ट्या चिकटवायला घेतल्या आहेत. कोणत्या ट्रॉलीला किती पट्टी लागेल, त्याची यादी दादा खुर्चीवर बसून करतात. आपल्या गावातही हे करा. एका ट्रॉलीला अर्धा तास लागतो. मोडलेला पाय उभा करायला आमच्या घराला आठ महिने लागले.